बरणीतल्या चिठ्ठीवरची नदी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा आठवडाभरात कळतं. मला त्याचं काही वाटत नाही. प्राणिशास्त्र शिकवायचं, वर म्युझियम सांभाळायचं आणि शिवाय गोड बोलायचं, एवढं सगळं एका बाईकडून होत नाही. त्यातलं गोड बोलणं मी कधीच सोडून दिलं.

म्युझियम म्हणजे एक लांबट खोली. तीन भिंतींना काचेची कपाटं आणि कपाटांत बरण्या. गंगापूर धरणातले मासे, नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीतले, डहाणूच्या किनाऱ्यावरून सहलीच्या मुलांनी आणलेले. एक मुशीचं पिल्लू, दोन समुद्रघोडे, बाकी सगळे ओढ्यानाल्यांतले बोटभर जीव. जिवंतपणी कुणी रुपेरी होता, कुणी हिरवट, कुणाच्या अंगावर पट्टे होते. फॉर्मालिनमध्ये सगळे शेवटी शिळ्या चहाच्या रंगाचे होतात. दर दिवाळीच्या सुट्टीत मी आणि लॅबचे मामा एकेक बरणी उघडून कमी झालेलं फॉर्मालिन भरतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि घरी गेल्यावर नवरा म्हणतो, आधी आंघोळ, मग चहा.

मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते, की बरणीत मासा महत्त्वाचा नाही, चिठ्ठी महत्त्वाची. माशाच्या कल्ल्यातून दोरा ओवून एक जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली असते. कुठल्या पाण्यात सापडला, कुणी धरला, कधी धरला, ते तिच्यावर लिहायचं. ती चिठ्ठी नसेल तर तो मासा नव्हे, कचरा. आणि बाजारातला मासा आणून माझ्यापुढे ठेवायचा नाही, मला वासावरून कळतं. एकदा एका मुलाने बर्फातला मृगळ आणला आणि चिठ्ठीवर 'दारणा नदी' लिहिलं. मी त्याला सगळ्या वर्गासमोर असा झाडला की तो पोरगा दोन दिवस कॉलेजात आला नाही. 'चिठ्ठीवर खोटं लिहिणारा माणूस कशावरही खोटं लिहील,' असं म्हणाले होते मी. माझेच शब्द. काय हिंमत एकेकाची!

ही मुलगी आली ती गेल्या हिवाळ्यात. माझीच जुनी विद्यार्थिनी, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. घरची भाताची आणि नागलीची शेती, दिवाळीनंतर घरातले निम्मेअधिक द्राक्षाच्या कामाला निफाडकडे. ती मात्र वसतिगृहात राहून शिकली, एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करत होती. विषय तिच्याच नदीचा. नदी म्हणजे तसा मोठा ओढाच, पण त्यांच्याकडे तिला नदीच म्हणतात. तिच्यात पूर्वी कुठले मासे होते, आता कुठले राहिलेत, कुठले गेले, असं सगळं.

ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बसलीच नाही. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"मॅडम, झालं! पुढच्या सोमवारी प्रबंध देतेय. तुम्हाला आधी सांगायला आले."

"बस तरी. पेढे कुठेत?"

"पेढे सोमवारी. आधी बरणी दाखवा, शेवटचा एक फोटो काढायचाय."

कुठली बरणी, ते मला विचारावं लागलं नाही. दुसऱ्या कपाटात मधल्या फळीवर एक वीतभर शिंगाळा आहे. लांब मिशा, पाठीवर मागच्या बाजूला जो मांसल पर असतो त्यावर काळा ठिपका. आणि चिठ्ठीवर तिच्या नदीचं नाव. आख्ख्या म्युझियममध्ये तिच्या नदीचं नाव असलेली ती एकच बरणी.

ती फोटो काढत बोलत होती. "तुम्हाला माहितीये मॅडम, मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा मला इथे काहीच आपलं वाटत नव्हतं. वर्गातली मुलं माझ्या बोलण्याला हसायची. परत जायचं ठरवलं होतं मी. मग मामांनी म्युझियम दाखवलं आणि ही चिठ्ठी दिसली. आमच्या नदीचं नाव, नाशिकच्या कॉलेजात, काचेच्या कपाटात! म्हटलं, राहू या."

मी 'हं' म्हणाले.

"आणि हा मासा आता तिथे नाहीये. दोन वर्षं जाळं टाकतेय मी, एकेक डोह बघितला. घाटाच्या पलीकडे पश्चिमेला वाहणाऱ्या पाण्यात हा शिंगाळा कुणीच नोंदवलेला नाही. म्हणजे होता आणि गेला. माझं शेवटचं प्रकरण यावरच आहे. फक्त बरणी एवढाच पुरावा होता, त्यामुळे माझे गाईड सर म्हणत होते, गावात कुणी जुन्या माणसाने पाहिलाय का विचार. आणि मॅडम, माझ्या आज्याने पाहिलाय!"

तिने मोबाइल काढला आणि आवाज लावला. म्हाताऱ्याचा आवाज, मागे कोंबड्यांचा कलकलाट. "व्हता. मोठ्या डोहात व्हता. मिशा लांब, पाठीवर काळा ठिपका. मी ल्हान व्हतो तवा पायला."

टेबलाच्या कडेला धरून मी बसले. ती म्हणाली, मॅडम बरं वाटत नाही का, आणि मी म्हणाले, फॉर्मालिनमुळे होतं असं.

कारण ती चिठ्ठी मी लिहिलेली होती. आणि तो मासा त्या नदीतला नव्हताच. मी तो सायखेड्याला गोदावरीच्या काठावर एका भोयाच्या टोपलीतून विकत घेतला होता.

तीसेक वर्षं झाली त्याला. मी याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सरांचा नियम होता, की जाणाऱ्या प्रत्येक मुलाने म्युझियमला एक नमुना द्यायचा. स्वतः जाऊन, स्वतः धरून, निदान धरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून. त्या वर्षी सर म्हणाले, "गोदावरीच्या माशांनी कपाटं भरली. आता घाट ओलांडा जरा." वर्गातल्या सात-आठ जणांनी जीप ठरवली आणि पेठकडे निघाले. मी घरी विचारलं. आम्ही नाशिक रोडच्या वसाहतीत राहायचो, वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. ते म्हणाले, "मुलीच्या जातीने जंगलात जाऊन मासे धरायचे? डोंबल! परीक्षा दे आणि घरी बस." मी दोन दिवस जेवले नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही, आमच्याकडे राग वंशपरंपरेने आहे.

शेवटी थोरल्या भावाला माझी दया आली. त्याने मला लुनावर मागे बसवून सायखेड्याला नेलं. काठावर मासे विकायला बसलेले होते, त्यातला हा शिंगाळा मी निवडला, कारण तो दिसायला रुबाबदार होता. तिथपर्यंतही काही बिघडलं नव्हतं. चिठ्ठीवर 'गोदावरी, सायखेडा' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण मला सरांचं ते 'घाट ओलांडा' डाचत होतं. जीपमधून गेलेली मुलं कॉलर ताठ करून फिरत होती, ते तर त्याहून जास्त. लॅबच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. त्यात पेठ तालुक्यात एक बारीक निळी रेघ दिसली, तिचं नाव उच्चारायला गोड होतं. एवढंच. त्या नावावरून मी तिला निवडलं. ड्रॉइंगच्या काळ्या शाईने झोकदार अक्षरात लिहिलं, खाली माझं माहेरचं नाव, जे आता कॉलेजात कुणाला ठाऊक नाही, आणि चिठ्ठी बांधून टाकली.

सरांनी बरणी उजेडात धरली. चष्मा वर केला, खाली केला. "घाटापलीकडे शिंगाळा! शाब्बास! मला नव्हतं माहीत." सगळ्या वर्गासमोर. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. पण जीपवाल्यांचे चेहरे असे पडले होते की मला गुदगुल्या होत होत्या. मी खाली मान घालून उभी राहिले, आणि सर्वांना वाटलं, किती विनयशील मुलगी.

पुढे मला इथेच नोकरी लागली. सर निवृत्त होताना म्युझियमच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझी बरणी पण आहे यात, सांभाळ." आता सर नाहीत. तेव्हाही बोलता आलं असतं. नंतर कधीही बोलता आलं असतं. सुरुवातीला ती बरणी दिसली की छातीत धस्स व्हायचं. मग नुसतं अवघडल्यासारखं, आणि मग काहीच नाही. रोज समोर असायची म्हणून दिसेनाशी झाली. दर दिवाळीला मी तिचं झाकण उघडून फॉर्मालिन भरत होते आणि पोरांना मात्र चिठ्ठ्यांवरून फाडून खात होते.

ती मुलगी गेली आणि मला काही सुचेना. त्या दिवशी मी घरी येऊन स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, पुसले, परत लावले. मेथी करपवली. गॅलरीतल्या तुळशीला दोनदा पाणी घातलं. जिना उतरून खाली गेले आणि कशाला आले ते न आठवून वर आले. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "काय शोधतेयस?"

मी त्याला सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कधी सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "एक मासा. कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना!" मी अशी ओरडले की शेजारच्या वहिनींनी दार उघडून पाहिलं.

"मग सांगून टाक तिला," तो भाकरी मोडत म्हणाला. जसं काही दूध आणायला सांगतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही, त्याचं काय चुकलं.

सोमवार पाच दिवसांवर होता. गुरुवारी मी तास बुडवून म्युझियममध्ये गेले. बरणी टेबलावर घेतली, झाकण उघडलं, चिमट्याने मासा अर्धा वर काढला. शाई इतकी काळी होती की काल लिहिल्यासारखी. साध्या पेनाने लिहिलं असतं तर केव्हाच विरली असती, पण नाही, मला झोकात लिहायचं होतं! हातात कात्री होती. दोरा कापायचा, चिठ्ठी पर्समध्ये टाकायची आणि म्हणायचं, कागद कुजला. मूळ चिठ्ठीच नाही तर नुसत्या फोटोवर प्रकरण टिकणार नाही, तिचे सर ते काढून टाकायला सांगतील. मला काही बोलावं लागणार नाही. हे सगळं मी अगदी थंड डोक्याने ठरवत होते, याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात मामा पोछा घेऊन आत आले. "ही का काढली मॅडम? ही मी मुद्दाम मधल्या फळीवर ठेवतो. पेठ-सुरगाण्याची पोरं आली की आधी हीच बघतात. आपल्याकडचं हाय म्हणतात."

मी मासा आत सोडला. झाकण लावलं. माझ्या हातावर फॉर्मालिन सांडलं होतं, ते मामांनीच पुसलं. त्यांना म्हणाले, "मामा, ही तिथेच राहू द्या." आणि बाहेर जाऊन तिला फोन केला.

"तुझ्या गावाला नेशील का मला?"

"खरंच येताय मॅडम?" ती किंचाळलीच. "आज्याला किती आनंद होईल! कधी येता? उद्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटी घेऊन दारात. मी मागे बसले. पेठ रोडला लागेपर्यंत तिची बडबड चालूच होती: आईने नागलीच्या भाकरी टाकल्यात, आज्याने नवा शर्ट घातलाय, नदीचा मोठा डोह मी तुम्हाला दाखवणार. मी दोनदा 'अगं ऐक' म्हणाले. वाऱ्यात आणि हेल्मेटमध्ये तिला ऐकू गेलं नाही, आणि दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती, तिथे ती थांबली. हात पसरून म्हणाली, "इथून अलीकडचं पाणी गोदावरीला, पलीकडचं समुद्राला. तुम्हीच शिकवलंय, सेकंड इयरला."

"बस खाली," मी म्हणाले. "तो मासा मी सायखेड्याला विकत घेतला."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, सरांचं, जीपचं, नकाशाचं. गोड नावाचंही सांगितलं. ती चहाचा ग्लास धरून बसली होती. चहावर साय आली. एक एसटी गेली, दुसरी गेली. मला वाटत होतं, ही रडेल किंवा मला शिव्या घालेल, आणि घालायलाच हव्यात. तिने दोन्ही केलं नाही.

"सोमवारी द्यायचं नाही आता," ती स्वतःशीच म्हणाली. "प्रकरण काढावं लागेल. सहा महिने तरी वाढवून मागावे लागतील." मग बॅगेतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. "लिहून द्या, मॅडम."

मी लिहिलं. नमुना कुठे घेतला, चिठ्ठीवर खोटं कुणी लिहिलं, सगळं. खाली पूर्ण नावाने सही केली. तिने वाचलं आणि वही परत दिली.

"तारीख राहिली."

मी तारीख घातली.

मी म्हणाले, "तू मला काहीतरी बोल गं. नुसती बसू नकोस."

तेव्हा ती बोलली. "मॅडम, आजा आधी नाही म्हणाला होता."



"पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, असा मासा आपल्या नदीत कधीच नव्हता. मला वाटलं, नीट बघितला नसेल. परत विचारलं. परत नाही म्हणाला. नदीतले बाकी सगळे मासे त्यानेच मला सांगितलेत, मॅडम. कुठला कधी वर चढतो, कुठल्या दगडाखाली अंडी घालतो, सगळं. माझा अर्धा प्रबंध त्याच्या तोंडचाय. आणि ह्या एका माशावरून मी त्याच्याशी वर्षभर भांडले. म्हटलं, कॉलेजात चिठ्ठी आहे, शाईने लिहिलेली, ती खोटी कशी असेल? मी काय म्हणाले माहितीये? 'आजा, तू म्हातारा झालास, तुला आठवत नाही.' मग घरात सगळेच तसं म्हणायला लागले. काका त्याला भाताच्या रोपांच्या राबासाठी कुठलं शेत भाजायचं ते विचारेनासा झाला. आणि ह्या पावसाळ्यात एक दिवस तोच आपणहून म्हणाला, व्हता. मला आठवला. मी एवढी नाचले मॅडम, एवढी नाचले."

टपरीवाला ग्लास न्यायला आला. तिने पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत.

"चला," ती म्हणाली. "त्याला तुम्हीच सांगायचं."

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. म्हातारा ओट्यावर बांबूच्या काड्यांचा मासे धरायचा सापळा विणत बसला होता. अंगावर खरंच नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. मला बघून उठायला लागला, मी म्हणाले, बसा बाबा, बसा. तिच्या आईने पाणी दिलं आणि ती चुलीकडे गेली. मुलगी खांबाला टेकून उभी राहिली. ती मला मदत करणार नव्हती.

मी सांगितलं. घाटात सांगितलं त्याच्याहून सोपं करून सांगितलं, की बाबा, तो बरणीतला मासा तुमच्या नदीचा नाही. मी लहान होते, मी खोटं लिहिलं. तुम्ही आधी नाही म्हणालात तेच खरं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हसला, समजूत घालताना हसतात तसा. "नाय बाई. व्हता तो. मी पायला ना."

"नव्हता बाबा. मी टोपलीतून विकत घेतला तो."

"तो दुसरा आसंल. ह्यो आमचा. मोठ्या डोहात, सकाळचं ऊन पडलं की वर यायचा. मिशा लांब. मागं काळा ठिपका."

"अहो बाबा, तो ठिपका तुम्ही फोटोत बघितलाय!" माझा आवाज चढला. चढायला नको होता. आयुष्यभर पोरांवर चढवलेला आवाज, तोच निघाला. "मी सांगतेय ना! मी खोटी आहे, तुम्ही खरे आहात, एवढंच म्हणतेय मी!"

चुलीकडची फुंकणी थांबली. म्हाताऱ्याला माझा राग आला नव्हता. त्याला मी काय म्हणतेय ते कळत होतं, पण त्याच्या डोळ्यांसमोर मासा होता, त्याचं तो काय करणार? मला तेव्हा समजलं, की मी कबूल करायला फार उशिरा आले होते. चिठ्ठी बरणीतून बाहेर काढता आली असती. ह्याच्या डोक्यातून ती कशी काढायची?

मग ती मुलगी खाली बसली, त्याच्या गुडघ्याशी. त्यांच्या बोलीत हळूहळू बोलत राहिली. मला अर्धंमुर्धं कळत होतं. माझं चुकलं, म्हणत होती. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही, म्हणत होती. मध्येच तिचा आवाज फुटला. घाटात न आलेलं रडू तिला तिथे आलं. म्हाताऱ्याने हातातला सापळा बाजूला ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याने नदीकडच्या बाजूला पाहिलं.

"मंग मला दिसतो तो कुठला?" त्याने विचारलं. मला विचारलं, तिला नाही.

"सायखेड्याचा, बाबा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. सायखेडा त्याला माहीत होतं, द्राक्षाच्या कामाला तो त्या बाजूला जाऊन आलेला. "सायखेड्याचा," तो म्हणाला. आणि मग अगदी बारीक आवाजात नातीला म्हणाला, "अन् बाकीचं मी सांगितलं तुला, ते तरी आपल्याच नदीचं ना?"

"हो रे आजा," ती म्हणाली. "ते सगळे आपलेच."

"एकदा इचार मला."

तिने डोळे पुसले, बॅगेतून वही काढली आणि पहिल्या माशाचं नाव वाचलं. "मळ्या."

म्हाताऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही, मान हलवायचीही मला भीती वाटली. मग तो म्हणाला, "हाय."

"मुऱ्या."

परत त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"हाय."

वाम, मरळ, कोळस. ती वाचत गेली. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं त्या पाण्यात पाय घालून उभा राहिलेला माणूस, आणि प्रत्येक नावाला तो आधी माझ्या तोंडाकडे बघत होता, मग 'हाय' म्हणत होता.